आनासागरची खरी ओळख

महोदय,

अजमेरच्या आनासागर तलावाकाठचे ‘सेव्हन वंडर्स पार्क’ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवल्याची बातमी वाचली. निर्णय योग्यच आहे. पाणथळ जागेत आयफेल टॉवर आणि पिसाच्या मनोऱ्याच्या नकला उभारून अजमेरला कोणती ओळख मिळणार होती? हा तलाव बाराव्या शतकात अर्णोराज चौहानाने बांधला; काठावरच्या संगमरवरी बारादऱ्या, म्हणजे खुले मंडप, शाहजहानने १६३७ मध्ये उभारल्या. संध्याकाळी तिथे टेकले की दिवसभर तापलेला दगड हाताला उबदार लागतो आणि समोर पाणी हळूहळू तांबूस होते. अजमेर म्हणजे मला तेच आठवते. आमच्या नेरुळच्या उद्यानातही सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. ठाणे खाडीत मात्र खरेखुरे रोहित पक्षी उतरतात. महापालिकेने पुढचा निधी त्यांच्या पाणथळी राखण्यावर खर्च करावा.

– एक वाचक, नेरुळ