वाळवंटी विंचू: आधी औषध, मग पेटी

माननीय संपादक,

उत्तर आफ्रिकेतला जाड शेपटीचा विंचू (अँड्रॉक्टोनस ऑस्ट्रेलिस) हौसेने पाळू पाहणाऱ्यांसाठी हे पत्र. पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड असलेला विंचू भक्ष्यासाठी विषावर भिस्त ठेवतो, आणि याचे विष माणसाचा जीव घेऊ शकते. ट्युनिसच्या पाश्चर संस्थेत त्यावर प्रतिविष बनते. आपल्याकडचे प्रतिविष लाल विंचवासाठीचे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाने कोकणात असंख्य जीव वाचवले, पण तो अनुभवही लाल विंचवाचाच. या परदेशी विंचवासाठी त्यावर विसंबून राहू नये. जवळच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग नसेल, घरात लहान मूल असेल, तर हा विंचू आणूच नका.

ज्या संस्था अभ्यासासाठी तो ठेवतात त्यांच्याकडेही विंचू मरतो तो बहुधा ओलाव्याने. जमीन दमट राहिली, हवा खेळली नाही, की सांध्यांवर काळपट डाग पडतात. ही बुरशी. पेटी ३० बाय २० सेंटिमीटरची पुरे. तळाशी ५ ते ७ सेंटिमीटर कोरडी वाळू, दिवसा ३० ते ३५ अंश तापमान, रात्री त्याहून कमी. पाणी बाटलीच्या बुचात, अधूनमधून. आडोशाचा दगड आधी तळावर टेकवावा, मग वाळू भरावी. वाळूवर ठेवलेला दगड विंचू खाली उकरतो तेव्हा त्याच्यावरच बसतो.

गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही, कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर मात्र येते. म्हणून कुलपाचे झाकण हवेच. जाळी बारीक असावी, कारण पकडून आणलेली मादी गाभण असू शकते आणि पिल्ले मोठ्या छिद्रांतून निसटतात. झाकण काढण्याआधी अतिनील टॉर्च मारावा. विंचू हिरवट चमकतो आणि कुठे आहे ते कळते. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही. हात कधीच आत घालू नये, २५ ते ३० सेंटिमीटरचा चिमटा वापरावा. एका पेटीत एकच विंचू, नाहीतर एकमेकांना खातात. आठ-दहा दिवसांनी एक रातकिडा पुरतो. न खाल्लेला काढून टाकावा, कारण कात टाकताना मऊ पडलेल्या विंचवालाच तो कुरतडतो.

कायद्यातली एक फट बुजवायला हवी. त्या मानाने कमी विषारी असलेला सम्राट विंचू ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणून वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी सक्तीची आहे. हा जीवघेणा विंचू त्या यादीत नाही. निदान विक्रेत्याने शास्त्रीय नाव लेखी द्यावे, अशी सक्ती वनखात्याने करावी. ‘पिवळा विंचू’ एवढ्या नावावर डॉक्टर प्रतिविष ठरवू शकत नाहीत.

ते शास्त्रीय नाव चिठ्ठीवर लिहून पेटीवर चिकटवून ठेवावे. दंश झाल्यास आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. अवयव स्थिर ठेवून, ती चिठ्ठी सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

– एक वाचक, पुणे