रँसच्या कॅथेड्रलचे विसावे शतक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील फ्रान्सच्या रँस शहरावरचा लेख वाचला. १२११ मध्ये बांधायला घेतलेले नोत्र-दाम कॅथेड्रल, १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कच्या साक्षीने झालेला सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक आणि शॅम्पेनची तळघरे यांची माहिती त्यात आहे. मात्र पहिल्या महायुद्धातील विध्वंस आणि नंतरची उभारणी एकाच वाक्यात आटोपली आहे, हे खटकले.

१९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात उत्तरेकडील मनोऱ्याभोवतीच्या लाकडी परांचीने पेट घेतला. आग छपराच्या ओक लाकडाच्या सांगाड्यापर्यंत पोहोचली आणि वरचे शिशाचे आच्छादन वितळून गेले. पश्चिम दर्शनी भागातील हसऱ्या देवदूताच्या शिल्पाचे शिर याच आगीत खाली पडून फुटले. एका धर्मगुरूने त्याचे तुकडे वेचून ठेवले होते. ते तुकडे आणि पूर्वी घेतलेला साचा यांच्या आधारे ते शिर १९२६ मध्ये पुन्हा बसवण्यात आले.

छपराचा नवा सांगाडा मात्र लाकडाचा नाही. मूळचे रँसचेच असलेले वास्तुविशारद आंरी दनो यांनी सोळाव्या शतकातील फिलिबेर द लॉर्म यांच्या सुतारकामाच्या पद्धतीवरून स्फूर्ती घेऊन काँक्रीटचे छोटे छोटे तयार भाग ओकच्या पाचरींनी एकमेकांत अडकवले. गॉथिक वास्तूत काँक्रीट म्हटले की शुद्धतेचे आग्रही नाक मुरडणारच. पण आगीने गिळलेल्या छपराच्या जागी आगीला दाद न देणारे छप्पर घालण्यात मला तरी वावगे काही दिसत नाही. या कामाला अमेरिकी उद्योगपती रॉकफेलर यांचे मोठे आर्थिक साहाय्य मिळाले.

कॅथेड्रलमधील, चित्रकार मार्क शागाल यांच्या १९७४ मधील निळ्या काचचित्रांचा अनेकदा उल्लेख होतो. त्यांच्या दोन्ही बाजूंना २०११ मध्ये इमी क्नोबेल यांची लाल, पिवळ्या, निळ्या तुकड्यांची अमूर्त काचचित्रे बसवली गेली. क्नोबेल जर्मन आहेत, आणि ज्या भिंतींवर जर्मन तोफगोळे पडले त्याच भिंतींत त्यांच्या काचा बसवण्याचा निर्णय मला शागालच्या निवडीहूनही धाडसाचा वाटतो.

युनेस्कोने १९९१ मध्ये कॅथेड्रलसोबत सेंट रेमीचा जुना मठ आणि ताऊ राजवाडाही जागतिक वारसा यादीत घेतला. पुढच्या लेखात या दोन वास्तूंबरोबरच कॅथेड्रलच्या मागे अमेरिकी निधीतून उभ्या राहिलेल्या, १९२८ मध्ये खुल्या झालेल्या आर्ट डेको शैलीतील कार्नेगी ग्रंथालयालाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक