१ मिलिमीटरच्या चाळणीतून गळालेला किनारा: मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

जेट्टीचं काम सुरू व्हायच्या आधी किनाऱ्यावरच्या बारीकसारीक अपृष्ठवंशी जीवांचा वर्षभर सर्व्हे होईल, असा शब्द आपण भर सभेत दिला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. परवा रिपोर्ट हातात पडला. वर्षभर राहूद्या, एका ओहोटीत काम उरकलंय आणि निष्कर्ष काय, तर विशेष उल्लेखनीय काही आढळलं नाही!

कसं आढळेल साहेब? गाळ धुवून जीव वेगळे करायची चाळणी १ मिलिमीटरची वापरलीय. उष्ण समुद्रातली निम्मी गंमतच त्याच्या खाली असते, म्हणजे पिल्लं, बारके पॉलिकीट (केसाळ समुद्री किडे), ॲम्फिपॉड (कोळंबीच्या नात्यातले बारके जीव), तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी, ते सगळं पाण्याबरोबर वाहून गेलं. किमान अर्ध्या मिलिमीटरची चाळणी लावायची, आणि वाळूच्या कणांमधल्या जीवांसाठी त्याहून कितीतरी बारीक, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. वाळूच्या कणांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा लोरिसिफेरा नावाचा अख्खा प्राणिसंघ १९८३ मध्ये जगाला कळला, कारण कोणीतरी असाच गाळ नीट धुतला होता.

प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियात एकाच ठिकाणी, ३०० चौ.कि.मी. पण नाही, फक्त मृदुकाय (शंख-शिंपल्यांचा वर्ग) मोजले तर २७३८ प्रजाती निघाल्या (पेपर २००२ चा आहे, तुमच्या सल्लागारांना वाचायला सांगा). त्यातल्या २० टक्के प्रजातींचा एकेकच नमुना सापडला. एकेक! आणि त्यासाठी माणसांचे मिळून ४०० दिवस लागले. आणि तुमच्या माणसांना एका ओहोटीत कळलं की इथं काही नाही. धन्य आहे.

आता माझं ऐका. माझं आयुष्य या कामात गेलंय, मान कायमची वाकडी झालीय, फॉर्मलीनच्या वासानं डोळे चुरचुरतात. रात्रीबेरात्री उधाणाच्या ओहोटीला खडकांवर घसरत जायचं, किडे आक्रसू नयेत म्हणून आधी मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये गुंगवायचे, मगच जारमध्ये घालायचे. डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल लागतं, त्याच्या परवान्यासाठी एका ऑफिसात मला अशी वागणूक मिळाली जशी काय मी हातभट्टीच लावणार होतो, आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असताना इकडे नमुने वाळून गेले. कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा कळवायचीही तसदी कुणी घेतली नाही, गेटवर कार्ड चाललं नाही एवढंच. घरचे विचारतात, या वयात आता काय करणार? काय सांगू, तुमचं नाव सांगू?

बरं, यात तुम्ही एकटेच दोषी असंही नाही. ज्याला बांधकामाची परवानगी हवी तोच सर्व्हेचे पैसे देतो, मग ज्याला काही सापडलं त्याला पुढचं काम कोण देणार? सगळ्यांना डीएनए मशीन हवंय, पण डीएनएचा क्रम जुळवायला नाव दिलेला नमुनाच नसेल तर मशीन काय सांगणार, "अज्ञात किडा क्रमांक अमुक"? वर्गीकरणवाला रिटायर झाला की त्याच्याबरोबर पदही जातं. नवी प्रजाती गोळा झाल्यापासून तिला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं लागतात, असं २०१२ चा एक अभ्यास सांगतो. तोवर जेट्टी जुनी पण होईल. कासवाचं पिल्लू सोडायला सगळे मंत्री येतात, किड्याबरोबर सेल्फी येत नाही ना! परवाच्या स्वच्छता मोहिमेत तर वाहून आलेलं शेवाळ सुद्धा जेसीबीनं उचललं, ॲम्फिपॉडांचं घरदार त्यात गेलं, तुमचा फोटो मात्र छान आला.

मागणं फार नाही. बारीक चाळणीनं, सगळ्या ऋतूंत सर्व्हे पुन्हा करा, तो जेट्टीवाल्याच्या पैशावर नको. आणि आत्ता गोळा केलेले जार कुठल्या संग्रहालयात ठेवलेत ते नावानिशी जाहीर करा. फेकून दिले असतील तर तेही लिहून द्या, सही-शिक्क्यासकट. "आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे" असं छापील उत्तर पाठवू नका, ती माझ्याकडे भरपूर आहेत.

आपला,
गाळ चाळणारा एक (सध्या बेकार) नागरिक