दिवाळीच्या आधी, परसातल्या दिव्यांबद्दल

पुणे,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा एक बोलतात, मागून आई दुसरंच ओरडते, आणि नेमका तेव्हाच दादाचा फोन मध्ये येतो. म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, मोठ्यानं वाचा. आईला बारीक अक्षराचा त्रास होतो.

दादाचं म्हणणं, घरातून वायर ओढून परसात चांगले दिवे लावू. बाबांचं म्हणणं, "कशाला खोदायलात उगं? सोलरचे आणू. ना वायर, ना बिल." आणि आईचं म्हणणं, काहीच नको, टॉर्च आहे की. आई, तुझं मी ऐकणार नाही, हे आधीच सांगते. संडास-न्हाणी मागं आहे, तुला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पदर धरून तू त्या ओल्या फरशीवरून जातेस. माझी सगळी काळजी तेवढ्या वाटेची आहे. बागेची शोभा वगैरे दादाच्या डोक्यातलं आहे.

तर आधी वाट ठरवू. मागच्या दाराच्या पायऱ्या, तिथून न्हाणीपर्यंतची फरशी, आणि संडासाचं दार. तीन दिवे पुरतात. लिंबू, शेवगा, मोगरा यांना रात्री उजेड नको असतो, त्यांच्यावर झोत टाकून पैसे घालवायचे नाहीत.

आता बाबा, सोलरचं. तुम्ही बाजारातून आणायचे म्हणताय ते खुंटीवाले दिवे माझ्याकडे गॅलरीत आहेत, एक उघडून पाहिला. चार स्क्रू, रबराची बारीक रिंग, आत पेन्सिल सेलच्या आकाराचा एकच सेल. 1.2 व्होल्ट, 600 एमएएच (मिलिअँपियर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). डेपोत तुमची जन्मभर बॅटऱ्यांशी गाठ होती, हिशोब तुम्हीच करा: पाऊण वॅट-तासही भरत नाही. तो आठ तासांवर पसरला तर एका वॅटचा दहावा हिस्साही हाती येत नाही. त्या उजेडात दिवा कुठं आहे तेवढं कळतं, पायरी कुठं आहे ते कळत नाही. मोगऱ्याच्या कुंडीपाशी छान दिसेल, आईच्या पायाखाली उपयोगाचा नाही.

मोठे, भिंतीवर लावायचे सोलर दिवे मिळतात, ते बरे. पण खोक्यावर 100 वॅट, 200 वॅट लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं, पॅनल त्यातलं पाचवा हिस्सा घेतं. वहीच्या अर्ध्या पानाएवढं पॅनल असेल तर फार तर तीन वॅट. आपल्याकडं दिवसाचं ऊन पाच तासांच्या भर उन्हाइतकं धरलं तर 15 वॅट-तास, त्यातली गळती जाऊन दहा. म्हणजे रात्रभर जळायचा तर एक वॅट. बाकी सगळं खोक्यावरच्या चित्रात. सोलर दिवा घ्यायचाच तर वॅट विचारू नका, आतल्या सेलचे व्होल्ट आणि एमएएच विचारा, आणि सेल बदलता येतो का ते विचारा. दुकानदार "सीलबंद आहे, बदलावा लागत नाही" म्हणाला तर उठून या. सेल दोन-तीन वर्षांत उतरतोच, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, भिंत संध्याकाळी सातलाही हाताला चटका देते तेव्हा, त्याहून लवकर. लिथियममध्ये फॉस्फेटचा, 3.2 व्होल्टचा सेल उन्हाला जास्त टिकतो.

तुम्ही म्हणाल, शेतातला सोलर पंप तर झकास चालतो. चालतो, कारण त्याला बॅटरीच नाही. ऊन आहे तोवर पाणी, ऊन गेलं की बंद, आणि पिकाला त्यानं काही बिघडत नाही. दिव्याचं उलटं आहे, त्याचं काम सुरूच होतं ऊन गेल्यावर. मग सगळा भार त्या सेलवर.

आणि शेजारच्या काकांनी छतावर सूर्यघर योजनेतून पॅनल बसवलं, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळालं, ते खरं आहे. पण त्याचा या दिव्यांशी संबंध नाही. ते वीजजोडणीला बांधलेलं असतं. लाईट गेली की तेही आपोआप बंद होतं, भर उन्हातसुद्धा, म्हणजे खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागू नये. रात्री लाईट गेली की त्या पॅनलचा काकांना काही उपयोग नाही, फक्त बिल कमी येतं.

शिवाय आपल्या परसाची जागा बघा. जांभळाखाली दुपारी दोननंतर ऊन नसतं. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणीयंत्राचा भुसा आणि धूळ पॅनलवर बसते, वर जांभळावरच्या पाखरांचा प्रसाद. आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायला कोण चढणार? बाबा, तुम्ही नाही. श्रावणात झड लागली की आभाळ भरलेल्या दिवसात चौथा हिस्साही चार्ज होत नाही, आणि फरशी तेव्हाच शेवाळलेली असते. आणखी एक, या दिव्यांना अंधार झाला हे पॅनलवरूनच कळतं. गल्लीच्या खांबाचा उजेड पॅनलवर पडला तर दिवा दिवसच समजतो, लागतच नाही. आपल्या पूर्वेच्या भिंतीवर नेमका तो उजेड येतो.

म्हणून वाटेचे तीन दिवे वायरचेच.

पण खोदायचं नाही, यात बाबांचं शंभर टक्के बरोबर. दादाला शहरातल्या मुरमाच्या जमिनीची सवय झालीय. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. त्या ओढाताणीत पाईपचे जोड सुटतात, पाणी आत जातं, आणि कुठं गेलं ते शोधायला पुन्हा सगळं खोदा. वर घुशी आहेतच. त्यापेक्षा मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीला धरून, जमिनीपासून फूटभर वर, पीव्हीसी पाईप क्लॅम्पनं ठोकत न्यायचा. दिसायला साधा दिसेल, दिसू दे. उंदरानं कुरतडलं तरी डोळ्यांसमोर राहील.

त्या पाईपातून 230 व्होल्ट न्यायचेच नाहीत. घरात, कोरड्या जागी, इन्व्हर्टरच्या पॉइंटवर 12 व्होल्टचा पॉवर सप्लाय बसवायचा आणि बाहेर फक्त 12 व्होल्ट काढायचे. ट्रॅक्टरच्या वायरिंगला तुम्ही ओल्या हातानं हात लावता तेच हे. भिजली, तुटली, आईच्या खुरप्याखाली आली, तरी माणसाला काही होत नाही. बाहेर वायर मात्र दीड एमएमची हवी. 12 व्होल्टला बारीक वायर घातली की शेवटचा दिवा पिवळट पडतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

लाईट गेल्यावरचा प्रश्नही यातच सुटतो. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आपल्याकडं किती रात्री जातात ते तुम्ही जाणता, आणि सोलरची बाजू घेताना तुमच्या मनात तेच होतं. पाच वॅटचे तीन दिवे म्हणजे 15 वॅट, एका पंख्याचा पाचवा हिस्सा. इन्व्हर्टरला त्याचं ओझं नाही.

आता आई, तुझं बटण. या सगळ्या बेताला खरा धोका तुझ्या बटणाचा आहे. तू साडेनऊला अंगणापासून देवघरापर्यंत सगळं विझवत जातेस, आणि रात्री दोनला पुन्हा बटण शोधायचं नको म्हणून टॉर्च घेतेस. तर ऐक, 15 वॅट दहा तास म्हणजे 150 वॅट-तास. महिन्याचे साडेचार युनिट. बाबांची इस्त्री साडेचार तास चालली तर तेवढंच होतं, आणि ती तू कधी बंद केली नाहीस. तरी तू बटण दाबशीलच, म्हणून मी दादाला सांगितलंय: बटण लावायचंच नाही. अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडलं की बंद होणारा छोटा सेन्सर मिळतो, तोच लाईनमध्ये घालायचा.

माणूस आला की भक्कन लागणारा सेन्सर मात्र नको. दादाला तो फार आवडतो. एक तर तो अंगाच्या उष्णतेवर चालतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेरची हवाच अंगाइतकी तापते तेव्हा त्याला माणूस आणि हवा यातला फरक नीट कळत नाही. दुसरं, आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. अंधारातून एकदम झगझगीत उजेड आला की तिला सगळं पांढरं दिसतं. तिला मंद पण कायमचा उजेड हवा. दिवे गुडघ्याच्या उंचीवर, वरून टोपी असलेले, उजेड फक्त फरशीवर पडेल असे. डोळ्यांत बल्ब दिसता कामा नये. खालून आडवा उजेड आला की पायरीची कड उठून दिसते, आणि फरशीवर काही पडलेलं असेल तर त्याची सावली लांब पडते.

ते "काही" म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मण्यार रात्रीच फिरते. घोणसही. दिव्यानं साप पळत नाही, उलट पांढऱ्या उजेडावर पाखरं-किडे येतात, किड्यांवर बेडूक, बेडकांमागं तो. म्हणून दिवे पिवळ्या उजेडाचे घ्यायचे, खोक्यावर 2700 किंवा 3000 के लिहिलेले असतात. त्याला किडे कमी येतात. आणि न्हाणीच्या मागं रचलेल्या विटा आणि तुऱ्हाट्या काढा, हे मी किती वर्षं सांगतेय. टॉर्च हातात राहू दे, तेवढं आईचं बरोबर.

सोलर एकच घेऊ, फाटकाजवळ, कारण तिथंपर्यंत वायर न्यायची तर रस्ता ओलांडावा लागतो. पॅनल वेगळं आणि दिवा वेगळा, मध्ये चार-पाच मीटर वायर, असा मिळतो. पॅनल गोठ्याच्या पत्र्यावर, दक्षिणेकडं तोंड करून, जरा तिरपं. म्हणजे पावसानं थोडं आपोआप धुऊन निघेल.

खर्चाचं बोलू नका. दादा आणि मी बघतो.

एक काम दिव्यांआधी करायचं आहे, आणि खरं तर दिव्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. न्हाणीतल्या गिझरची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात वाळला की काम करत नाही, त्यात बादलीभर पाणी ओतत जा. मेन बोर्डावर 30 मिलिअँपियरचा ईएलसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर या वेळी बसवूनच घ्या. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबून बघा, खटकन पडलं पाहिजे. हे बटण आई, तू दाबायला हरकत नाही.

बाबा, मागच्या दारापासून भिंतीला धरून संडासापर्यंत टेपनं माप घ्या आणि दादाला कळवा, कोपरे किती तेही सांगा. शिडीवर चढू नका. पॉवर सप्लाय आणि दिवे मी इथून आणते, वायर-पाईप तिथंच घेऊ. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतेय. वायरमनला धनत्रयोदशीला सकाळी दहाचं सांगून ठेवा, म्हणजे तो बारापर्यंत येईल.

तुमची लेक