बातमी येते तोवर चित्रे उतरलेली असतात

महोदय,

मुंबईतल्या चित्रप्रदर्शनांच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या कोकण आवृत्तीत येतात, हे चांगलेच आहे. पण त्यात दीपप्रज्वलन कोणी केले, मंचावर कोण कोण होते हे साग्रसंगीत असते. प्रदर्शन कोणत्या दालनात आणि कधीपर्यंत आहे, हे बहुतेकदा नसते. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनातली बहुतेक प्रदर्शने आठवड्याची असतात, मंगळवार ते सोमवार. वेळ ११ ते ७, प्रवेश फुकट. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटन, शुक्रवारी बातमी. ती वाचून, रजा टाकून, आरक्षण मिळवून माणूस निघेपर्यंत भिंतीवर पुढच्या चित्रकाराची चित्रे लागलेली असतात. मंगळवारी सकाळी गेलात तर अर्धी चित्रे अजून भिंतीला टेकवलेली सापडतील, आणि सोमवारी दुपारनंतर आवराआवर सुरू होते. म्हणजे खरे दिवस बुधवार ते रविवार.

त्यातही वार बघावा लागतो. जवळचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, सोमवारी बंद. कुलाबा-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद, आणि तिच्या दारातले १८७२ सालचे भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. शाळेची सहल बुधवारी नेणाऱ्यांची दोन्हीकडून फसगत होते. एरवी याच सहली पेंग्विन दाखवून परततात आणि शेजारची देखणी जुनी इमारत बसच्या खिडकीतूनच बघतात, ते वेगळेच. एका दिवसात सगळे उरकायचे तर शनिवार धरावा.

रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस पहाटे सीएसएमटीला पोचवते. सामान क्लोकरूममध्ये ठेवायचे तर बॅगेला कुलूप हवे आणि प्रवासाचे तिकीट जवळ हवे. कुलूप नसेल तर बॅग घेत नाहीत, मग ती दिवसभर खांद्यावर. काळा घोडा तिथून चालत वीसेक मिनिटे. जहांगीर अकराशिवाय उघडत नाही, म्हणून आधी लगतच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. ते सव्वादहाला उघडते. तिथे तिकीट आहे. सगळे बघायच्या फंदात न पडता लघुचित्रांचे दालन गाठावे आणि तास-दीड तास तिथेच काढावा. एनजीएमए दुपारच्या जेवणानंतर. १९११ सालचे जुने सभागृह आतून पालटून १९९६ मध्ये तिथे हे संग्रहालय झाले. दालने एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात, त्यामुळे गुडघे कुरकुरत असतील तर जिना हळूहळू चढावा. परतीची कोकणकन्या रात्री अकरानंतर आहे, तेव्हा घाई नको.

जहांगीरमध्ये पहिल्या दालनात चक्कर मारून बाहेर पडणारे खूप. आत एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या चित्रकारांची प्रदर्शने चालू असतात. चित्रकार बहुधा स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. विचारले की सांगतो. (तिथले जुने उपाहारगृह समोवार कुठे आहे, असे मात्र विचारू नये. ते २०१५ मध्येच बंद झाले.)

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांना नेत असाल तर जलरंगाच्या चित्राजवळ एक काम द्यावे: यातला पांढरा कुठला ते शोधा. लाटेचा फेस कोरा कागद सोडून आलाय की वरून पांढरा रंग लावलाय? चित्राच्या कडेला उभे राहून तिरप्या उजेडात पाहिले की वरून लावलेला रंग बहुधा कळतो. तैलरंगात याच पद्धतीने रंग लावायच्या सुरीचे फटकारे दिसतात. चित्राखालच्या पट्टीवर माध्यम आणि आकार असतो. लाल टिकली लावलेली असेल तर चित्र विकले गेलेले.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मुंबईचा फ्रेमवाला ती सांगेलच असे नाही. आपल्याकडे पावसाळ्यात जांभ्याची भिंत ओल धरते. कागदावरचे चित्र काचेला चिकटून बसवले असेल तर दमट हवेचे पाणी काचेच्या आत धरते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके उठतात. ते सहजासहजी जात नाहीत. म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, जाड पट्टी हवी, माउंट आणि मागचा बोर्ड आम्लरहित हवा, स्वस्तातले प्लाय नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर चित्र टांगूच नये. आतली भिंत बघावी.

मुंबई जमत नसेल त्यांच्यासाठी अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायकराव करमरकरांचे शिल्पालय आहे आणि कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची, परंपरा. चित्रकथीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळीकडे ठळक बातमी आली. तिथे जायचे कसे आणि कधी, हे त्यानंतर क्वचितच छापून आले.

तेव्हा विनंती एवढीच: रविवारच्या अंकात पुढच्या आठवड्यातल्या प्रदर्शनांची छोटी चौकट द्यावी. चित्रकार, दालन, माध्यम, शेवटचा दिवस, वेळ आणि साप्ताहिक सुट्टी. जागा उरली तर उद्घाटकाचे नाव.

— काही चित्रकला शिक्षक, रत्नागिरी जिल्हा