राहिलेला विषय

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी जास्तच बोलले. तू गप्प झालास आणि मग "ठेवतो" म्हणालास, तेव्हा मला ते कळलं. सॉइल मेकॅनिक्स, म्हणजे मातीच्या ताकदीचा पेपर, राहिला म्हणून मी चिडले नव्हते. विषय राहतात, पुन्हा देता येतात, ताईचं काय झालं होतं ते तुला ठाऊक आहेच. चिडले ते तुझ्या पुढच्या वाक्यावर. "मला स्ट्रक्चर्समध्ये जायचंय, मातीचा पेपर नुसता सुटला पाहिजे." आणि त्याच दमात तू सांगितलंस की सोमवारपासून सहा आठवडे साइटवर ट्रेनिंग आहे आणि तिथे तळघराचं खोदकाम चालू आहे.

तुझं स्ट्रक्चर्सचं वेड मला मनापासून आवडतं. सुट्टीत तू जेवणाच्या टेबलावर अनेक आधारांवरच्या सलग तुळईचा बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे ती कुठे किती वाकवली जाते त्याचा आलेख, काढलास आणि "आई, बघ, आधाराजवळ चिन्ह बदलतं" म्हणून मला हाक मारलीस. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. बाबांनी तो फेकायला घेतला होता, मी ओरडले.

पण ट्रान्सकोनाचं धान्याचं कोठार आठव. कॅनडात विनिपेगजवळ, साल 1913. काँक्रीटचं ते प्रचंड कोठार पहिल्यांदाच भरत होते आणि एका दिवसात ते जवळजवळ 27 अंश कललं. खालच्या चिकणमातीची ताकद संपली होती. वरची रचना मात्र इतकी चांगली होती की ती जवळपास अभंग राहिली, आणि पुढे सरळ करून पुन्हा वापरात आली. ज्याने ते काँक्रीट डिझाइन केलं त्याचं गणित बरोबरच होतं रे. गणित जिथे थांबलं, तिथून खाली माती सुरू होत होती.

बघ, लेक्चर सुरू झालं. ते करायचं नव्हतं.

लहानपणी पावसाळ्यात तू अंगणातल्या मातीचे साप वळायचास. आजी ओरडायची, तू तिच्याकडे बघायचासुद्धा नाहीस. वळता वळता साप तुटायला लागला की पाण्यात बोट बुडवून पुन्हा मळायचास. प्लॅस्टिक लिमिटचा प्रयोग म्हणजे तेच तर आहे! काचेवर तळव्याने 3 मिलिमीटर जाडीची दोरी वळायची, आणि ती त्याच जाडीला भेगाळायला लागली की त्या मातीतलं पाणी मोजायचं. पाचव्या वर्षी जे तुझ्या हाताला कळत होतं, त्याचं जर्नल तू शेजारच्या बॅचवरून उतरवलंस. याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. मी साइट सोडून ऑफिसात का आले, असं तू दोनदा विचारलंस, आणि दोन्ही वेळा मी तुझ्या शाळेचं कारण दिलं.

पाइपलाइनसाठी 3 मीटर खोल चर खणला होता. चिकणमाती, बाजू उभ्या कापलेल्या, शोअरिंग नाही, म्हणजे बाजूंना कसलाच आधार नाही. पहिले दोन दिवस भिंत सुरीने कापल्यासारखी उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी काठापासून हातभर अंतरावर, काठाला समांतर, बारीक भेग दिसली. मी वरिष्ठांना म्हटलं. "दोन तासांचं काम उरलंय," ते म्हणाले. मी पुढे बोलले नाही. आणि सोनू, तो प्रश्न मला परीक्षेत आला होता. उभा काप किती उंच टिकेल? चार सी भागिले गॅमा; सी म्हणजे मातीची धरून राहण्याची ताकद, गॅमा म्हणजे घनमीटरमागे तिचं वजन. सी 20 किलोपास्कल आणि गॅमा 18 किलोन्यूटन धरला तर जवळजवळ साडेचार मीटर. तेवढ्यावर मी मनाशी म्हटलं, 3 मीटर म्हणजे काही नाही. पण ते सूत्र भेग नसलेल्या मातीचं आहे, आणि खोदल्या दिवसाच्या ताकदीचं. खोदताना बाजूचा भार निघतो, छिद्रांतल्या पाण्याचा दाब तेवढ्यापुरता उतरतो आणि कण एकमेकांना धरून राहतात. मग हळूहळू माती पाणी ओढते, दाब परत चढतो, इफेक्टिव्ह स्ट्रेस, म्हणजे कणांना एकमेकांवर दाबून ठेवणारा ताण, कमी होत जातो. एकूण ताणातून पाण्याचा दाब वजा, सॉइल मेकॅनिक्सचे जनक टेर्झागी, त्यांची ती एक ओळ तुला पाठ आहे. त्या ओळीत जाणारा वेळ मी धरलाच नव्हता.

बाजू कोसळली. एक माणूस कमरेपर्यंत गाडला गेला. मशीन जवळ नेता येत नव्हतं, सगळं फावड्याने आणि हातांनी. 70 मिनिटं लागली. तो वाचला, पाय मोडला. छातीपर्यंत असता तर श्वास सोडल्यावर पुन्हा घ्यायला माती छाती फुलू देत नाही. एक घनमीटर मातीचं वजन दीड ते दोन टन असतं.

हे वाचून घाबरू नकोस. घाबरलेली मी आहे.

परीक्षेचं म्हणशील तर पाठ करण्यापेक्षा शिअर बॉक्सच्या, म्हणजे माती सरकवून तोडून तिची ताकद मोजायच्या पेटीच्या, लॅबमध्ये परत जा, सरांना विचारून एक नमुना स्वतः तोड, तूच रीडिंग लिही. ताण मांडायचं मोहरचं वर्तुळ तुझं पक्कं आहेच, मातीतही तेच वर्तुळ आहे. कन्सॉलिडेशनला, म्हणजे पाणी हळूहळू निघून माती दबत जाते त्या भागाला, वेळ दे, तिथे घाई करून काहीच हाती लागत नाही.

साइटवर विचारत राहा, लाजू नकोस. उपसलेला ढीग काठाच्या किती जवळ टाकलाय ते रोज बघ. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी आधी काठावरून लांबूनच एक फेरी मार. आणि भेग दिसली तर मोठ्याने बोल, कोणी ऐकलं नाही तर पुन्हा बोल. ट्रेनी आहेस म्हणून तुझा आवाज लहान नाही. मी तेव्हा ट्रेनीही नव्हते.

फोनवर जे बोलले त्याबद्दल सॉरी. खरंच. शनिवारी मी फोन करणार नाही, तुला वाटेल तेव्हा तू कर.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी बूट पाठवलेत, पुढे पोलादी टोपी असलेले. अर्धा नंबर मोठे आहेत, जाड मोजे घाल. आणि आधार न दिलेल्या खड्ड्यात, कोणी टेप धरायला बोलावलं तरी, एका मिनिटासाठीही उतरू नकोस.