रविवारच्या मिस्सातील सर्वांच्या सहभागाविषयी सूचना

धर्मग्रामातील (चर्चच्या स्थानिक समुदायातील) सर्व भाविकांना कळविण्यात येते की, येत्या रविवारपासून पवित्र मिस्सातील (कॅथोलिक चर्चमधील मुख्य सामुदायिक उपासनेतील) वाचने, भाविकांच्या प्रार्थना आणि अर्पणाची मिरवणूक यांची जबाबदारी प्रत्येक विभागाकडे पाळीपाळीने राहील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथोलिक चर्चच्या बिशपांच्या जागतिक सभेने) ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जाहीर केलेल्या दस्तऐवजात भाविकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हा बाप्तिस्म्यामुळे लाभलेला हक्क आणि कर्तव्य मानला आहे; तरीही आपल्याकडे तीच चार-पाच माणसे वाचतात आणि बाकीचे नुसते ऐकत बसतात, याची खंत वाटते. वाचक निवडताना वृद्ध, तरुण, बाहेरगावाहून आलेली कुटुंबे आणि दृष्टिहीन बंधुभगिनी (ब्रेलवरून किंवा पाठांतराने वाचन केले तरी चालेल) यांना अवश्य विचारावे. गायकवृंदाने गीते सर्वांना झेपतील अशा स्वरात घ्यावीत. नावे शनिवारपर्यंत विभागप्रमुखांकडे द्यावीत.